पित्ताची गोळी: कधी घ्यायची, किती दिवस घ्यायची आणि कशी सोडायची

शुक्रवारी म्हापशाचा बाजार भरतो. दुपारी दीड-दोन वाजले की आमच्या फार्मसीच्या काउंटरवर एक वाक्य हमखास ऐकू येतं: "बाय, हड्ड्यांत जळटा, एक पॅन दी." (छातीत जळजळतंय, पित्ताची एक 'पॅन' गोळी दे.) गोळी हातात पडते न पडते तोच माणूस ती पट्टीतून फोडतो, पिशवीतली बाटली काढतो आणि तिथेच गिळतो. मी विचारते, "काका, जेवलात?" उत्तर ठरलेलं असतं: "जेवूनच आलो गे. शीतकडी, तळलेला बांगडा." म्हणजे गोळी बरोबर, वेळ चुकलेली. यातल्या काहींची ही गोळी पाच-सहा वर्षं चालू असते. डॉक्टरांनी दिली होती महिन्याभरासाठी, थांबवायला कोणी सांगितलं नाही म्हणून ती चालूच राहिली.

मी सोळा वर्षं काउंटरमागे उभी आहे. मी डॉक्टर नाही, त्यामुळे निदान माझ्या हातचं नाही. पण गोळी घरी नेल्यावर तिचं काय करायचं हे सांगणं माझं काम आहे, आणि गर्दीत ते नीट सांगता येत नाही. म्हणून हे लिहिलं.

आधी खात्री: हे खरंच तेच आहे का?

आपण सगळ्यालाच 'पित्त' म्हणतो. डोकं दुखलं तर पित्त, मळमळलं तर पित्त, अंगावर गांधी उठल्या तरी पित्तच. या गोळ्या मात्र फक्त जठरातलं आम्ल कमी करतात. यकृतात तयार होणारा पिवळा-हिरवा पित्तरस वेगळा, त्याच्याशी त्यांचा संबंध नाही.

आम्ल वर येण्याची तक्रार ओळखीची असते. छातीच्या मधल्या हाडामागे जळजळ होते आणि ती वर गळ्याकडे सरकते. जेवणानंतर, वाकल्यावर किंवा आडवं झाल्यावर ती वाढते. तोंडात आंबट-कडू पाणी येतं. पोट फुगणं, गॅस धरणं, जेवल्यावर जड वाटणं या तक्रारींवर या गोळीचा फारसा उपयोग होत नाही. तरी लोक गॅससाठीच ती सर्वात जास्त नेतात.

आता सर्वात महत्त्वाचं. छातीवर कुणी बसल्यासारखा दाब, जिना चढताना किंवा चालताना येणारं दुखणं, घाम, धाप, दुखणं डाव्या हातात किंवा जबड्यात जाणं, यातलं काहीही असेल तर इनो पिऊन वाट बघू नका. १०८ ला फोन करा. जवळच्या आरोग्य केंद्रात ईसीजी निघू शकतो, पुढे बांबोळीला गोमेकॉ, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचं इस्पितळ आहे. मधुमेह असलेल्यांना आणि बायकांना हृदयविकाराचा झटका कधीकधी नुसत्या 'पित्तासारखा' जाणवतो. चाळिशी उलटलेल्या माणसाला पहिल्यांदाच असं झालं आणि घाम फुटला, तर मी गोळी देत नाही, आधी ईसीजी काढायला सांगते. राग येतो लोकांना. येऊ दे.

घास अडकतो, गिळताना दुखतं, वजन आपोआप उतरतंय, काळी डांबरासारखी शौच होते, उलटीत रक्त दिसतं, उलट्या थांबत नाहीत, हिमोग्लोबिन कमी निघालंय, किंवा साठीनंतर पहिल्यांदाच त्रास सुरू झालाय, अशा वेळी आधी डॉक्टर, बहुधा एंडोस्कोपी (नळीतून अन्ननलिका-जठर बघण्याची तपासणी), मग गोळी. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, तेव्हा त्या चालू असतील तर डॉक्टरांना तेही सांगा.

एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही: दुसरं एखादं औषधच जाळत असतं. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या जठराचं अस्तर दुखावतात. रक्तदाबाची अॅम्लोडिपिन अन्ननलिकेच्या तळाची झडप सैल करू शकते. पावसाळ्यात शेतात उतरणाऱ्यांना लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या) भीतीने डॉक्सिसायक्लिन दिली जाते. ती घोटभर पाण्याबरोबर घेऊन लगेच आडवं झालं तर गोळी अन्ननलिकेत चिकटून तिथे जखम करते. ती पेलाभर पाण्याबरोबर, बसून घ्यायची आणि निदान अर्धा तास आडवं व्हायचं नाही.

तीन प्रकारची औषधं, तीन वेगळी कामं

पहिला प्रकार अँटासिडचा: जेलुसिल, डायजिन, इनो. ही तयार झालेलं आम्ल मारतात. काही मिनिटांत आराम पडतो, पण रिकाम्या पोटी तो अर्धा-पाऊण तासच टिकतो, जेवणानंतर घेतलं तर थोडा जास्त. इनो म्हणजे मुख्यतः खाण्याचा सोडा, म्हणजेच सोडियम. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी तो रोज पिऊ नये. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी मॅग्नेशियम-अॅल्युमिनियमची अँटासिडंही विचारूनच घ्यावीत. अल्जिनेट असलेलं पातळ औषध थोडं वेगळं आहे. जठरातल्या अन्नावर त्याचा तरंगता थर बसतो, म्हणून ते जेवणानंतर आणि झोपण्यापूर्वी घ्यायचं.

दुसरा प्रकार फॅमोटिडिनचा. तासाभरात लागू पडते, दहा-बारा तास पुरते. रात्रीच्या जळजळीला चांगली. पण रोज घेतली तर आठ-पंधरा दिवसांत शरीर सरावतं आणि जोर कमी होतो. याच घराण्यातली सिमेटिडिन १९७६ साली ब्रिटनमध्ये आली. त्याआधी अल्सर म्हटलं की दूध, अँटासिड आणि शेवटी शस्त्रक्रिया. त्या औषधामागच्या जेम्स ब्लॅक यांना १९८८ साली नोबेल मिळालं.

रॅनिटिडिनही याच घराण्यातली. जुने लोक अजून 'रँटॅक' मागतात. तिच्यात एनडीएमए नावाची, कर्करोगाला कारण ठरू शकणारी अशुद्धी सापडली, उष्णतेत आणि साठवणीत ती वाढते असंही दिसलं, आणि एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेने ती बाजारातून काढायला लावली. भारतात २०२२ च्या अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतून ती वगळली गेली. दुकानात अजून मिळते. मला विचारलं तर मी डॉक्टरांकडून फॅमोटिडिन लिहून घ्यायला सांगते.

तिसरा प्रकार म्हणजे पंप बंद करणाऱ्या गोळ्या: ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोल, राबेप्राझोल, इसोमेप्राझोल. यांची नावं 'प्राझोल'ने संपतात. ओमेझ, पॅन, रेझो ही यांचीच बाजारातली नावं. पुढचं सगळं यांच्याबद्दल.

वेळ: इथेच बहुतेकांचं चुकतं

जठराच्या अस्तरातल्या पेशींमध्ये आम्ल सोडणारे सूक्ष्म पंप असतात. रात्रभर उपाशी राहिल्यावर सकाळी ते सर्वात जास्त संख्येने तयार असतात, आणि अन्न पोटात गेलं की चालू होतात. गोळी फक्त चालू पंपाला चिकटते आणि तो कायमचा निकामी करते. रक्तात मात्र ती एक-दोन तासच भरपूर असते. तेव्हा गोळी रक्तात असताना पंप चालू व्हायला हवेत. त्यासाठी ती जेवणाआधी अर्धा ते एक तास घ्यायची. जेवल्यावर घेतली तर ती रक्तात पोचेपर्यंत पंपांची बरीचशी पाळी उलटून गेलेली असते.

'सकाळी उपाशीपोटी' एवढंच चिठ्ठीवर लिहिलेलं असतं, आणि त्यातून गोव्यात एक खास घोळ होतो. माझे एक गिऱ्हाईक, मांडवीच्या काठी शेती करणारे, सहाला उठून गोळी घ्यायचे. मग कोरा चहा, एखादं बिस्कीट, आणि थेट शेत. खरं खाणं अकराला: पेज, सुकं नुस्तं, लोणचं. म्हणजे गोळी घेऊन पाच तासांनी. तोवर ती रक्तातून गेलेली. महिनाभर घेऊनही जळजळ तशीच, म्हणून डॉक्टर बदलायला निघाले होते. मी म्हटलं, डॉक्टर राहू द्या, गोळी साडेदहाला घ्या. डबीत एक गोळी, पट्टीसकट कापलेली, आणि बांधावर बसून पाण्याबरोबर. दहा दिवसांनी आले ते चवळीची जुडी घेऊनच.

तेव्हा स्वतःला विचारा: माझं दिवसाचं पहिलं पोटभर खाणं कधी असतं? त्याच्या अर्धा ते एक तास आधी गोळी. भाजी-पाव आठला खात असाल तर सव्वासातला. त्रास मुख्यतः रात्री असेल तर डॉक्टरांना विचारून ती रात्रीच्या जेवणाआधी हलवता येते. झोपताना, जेवून झाल्यावर, घेण्यात अर्थ नाही.

पहिल्या दिवशी सगळे पंप बंद होत नाहीत. पूर्ण परिणाम दिसायला तीन ते पाच दिवस लागतात. म्हणून लग्नाला किंवा जत्रेला जायच्या आधी 'सेफ्टीसाठी' एक पॅन टाकणं हा गैरसमज आहे. बोडगेश्वराच्या जत्रेत रात्री भजी आणि रोस ऑम्लेट खाल्लंत आणि जळजळलं, तर एका रात्रीसाठी अँटासिड किंवा फॅमोटिडिन कामाची.

गोळी चावायची किंवा कुटायची नाही. तिच्यावरचं आवरण आतल्या औषधाचा आम्लापासून बचाव करतं. ४० मिलिग्रॅमची गोळी सुरीने अर्धी करून '२० केली' हेही चालत नाही, २० ची वेगळी मिळते. गिळता येत नसेल तर ओमेप्राझोलची कॅप्सूल उघडून आतले दाणे चमचाभर थंड, मऊ पदार्थाबरोबर न चावता गिळता येतात. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका. आणि पट्टीतून काढून गोळ्या डब्यात भरून ठेवू नका. आमच्याकडे जूनमध्ये मीठसुद्धा पाणी सोडतं, तिथे या गोळीचं काय होईल?

'पॅन-डी' म्हणजे जास्त जोराची पॅन नव्हे

यावर मी जरा जास्त बोलते, कारण दिवसातून दहा वेळा हे ऐकते: "साधी नको, डी-वाली दे, ती पॉवरफुल." त्या कॅप्सूलमध्ये पॅन्टोप्राझोल ४० तेवढीच असते. 'डी' म्हणजे डॉम्पेरिडोन, मळमळ थांबवणारं आणि जठर लवकर रिकामं करणारं वेगळं औषध. काही जणांत ते हृदयाच्या ठोक्यांच्या लयीवर परिणाम करतं. २०१४ मध्ये युरोपच्या औषध नियंत्रकांनी ते फक्त मळमळ-उलटीसाठी, कमीत कमी मात्रेत आणि सहसा एक आठवड्यापेक्षा जास्त नाही, असं बंधन घातलं. आपल्याकडे लोक ती कॅप्सूल वर्षानुवर्षं घेतात, त्यात डॉम्पेरिडोन ३० मिलिग्रॅम असतं. हृदयाचा आजार असेल, किंवा अॅझिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन, फ्लुकोनॅझोलसारखं औषध चालू असेल, तर धोका वाढतो. मळमळ नसेल तर 'डी' कशासाठी चालू आहे, हे पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचाराच.

किती दिवस

नेहमीच्या जळजळीसाठी रोज एक गोळी, आठ आठवडे. घरात टांगलेल्या दिनदर्शिकेवर सुरुवातीच्या तारखेला गोल करा आणि आठ आठवड्यांनंतरच्या तारखेलाही. हे आजच करा, कारण दुसरा गोल नसल्यामुळेच पाच वर्षं जातात. रोजच्या चौकोनात रात्रीच्या जळजळीसाठी एक फुली, दिवसाच्या जळजळीसाठी एक टिंब. दोन आठवड्यांत फुल्या कमी झाल्या नाहीत तर आधी वेळ तपासा. वेळ बरोबर असूनही आठ आठवड्यांत फरक नाही, तर स्वतः दोन-दोन घेऊ नका. निदान चुकलेलं असू शकतं. डॉक्टर एंडोस्कोपी सुचवतील किंवा मात्रा बदलतील. अल्सरला कारण ठरणाऱ्या हेलिकोबॅक्टर जंतूसाठी शौच किंवा श्वासाची तपासणी ठरली असेल तर ही गोळी दोन आठवडे आधी थांबवावी लागते, नाहीतर अहवाल खोटा 'नाही' येऊ शकतो.

सोडताना

मी स्वतः अडकले होते. बाळंतपणानंतर पाठदुखीच्या गोळ्यांबरोबर सुरू झालेली पॅन्टोप्राझोल दोन वर्षं घेतली. एका सोमवारी ठरवलं, बंद. गुरुवारी रात्री छातीत अशी आग पेटली की पहाटे तीनला ओट्याला टेकून उभी होते. 'बघ, मला गोळीशिवाय चालत नाही,' असं म्हणून पुन्हा सुरू केली. औषधशास्त्र शिकलेल्या बाईने!

होतं असं की आम्ल कमी राहिलं की शरीर गॅस्ट्रिन हे संप्रेरक वाढवून जठराला 'आणखी कर' म्हणत राहतं. गोळी थांबली की तो साठलेला जोर एकदम सुटतो आणि काही आठवडे पूर्वीपेक्षाही जास्त आम्ल तयार होतं. २००९ साली डेन्मार्कमध्ये निरोगी, कसलीही जळजळ नसलेल्या माणसांना आठ आठवडे इसोमेप्राझोल देऊन थांबवली, तर त्यातल्या बऱ्याच जणांना नंतर जळजळ सुरू झाली. थांबवल्यावरची आग म्हणजे आजार परत आला असंच नसतं.

दुसऱ्या वेळी मी असं केलं: दोन आठवडे ४० ऐवजी २०. पुढचे दोन आठवडे २० दिवसाआड. मग बंद. मधल्या काळात जळजळलं तर अँटासिड, रात्री फारच झालं तर फॅमोटिडिन. सर्वात वाईट दिवस बंद केल्यानंतरचा चौथा ते दहावा. तिसऱ्या आठवड्यात फुल्या विरळ झाल्या. एकदम थांबवणंही चालतं असं तज्ज्ञ म्हणतात, पण ज्याला रात्री उभं राहावं लागलंय तो हळूहळूच उतरेल. महिन्या-दोन महिन्यांनंतरही रोज त्रास होत असेल, तर मात्र तो आजारच. तेव्हा सर्वात कमी मात्रेवर परत जायचं, त्यात हार नाही.

काहींनी मात्र हे वाचून गोळी सोडायची नाही. एंडोस्कोपीत अन्ननलिकेला मोठ्या जखमा निघालेले, बॅरेट्स म्हणजे अन्ननलिकेचं अस्तर बदललेलं असणारे, पूर्वी अल्सरमधून रक्त गेलेले, अॅस्पिरिनबरोबर रक्त पातळ करणारं दुसरं औषध घेणारे, किंवा म्हातारपणी रोज वेदनाशामक लागणारे. यांना ती संरक्षण म्हणून दिलेली असते. डॉक्टरांशी बोलल्याशिवाय हात लावू नका.

लांब पल्ल्याच्या भीती

हाडं, मूत्रपिंड, स्मृतिभ्रंश असे संदेश व्हॉट्सअॅपवर फिरतात. त्यातले बरेच निष्कर्ष नुसत्या निरीक्षणांवरून काढलेले आहेत. आधीच आजारी माणसंच ही गोळी जास्त घेतात, त्यामुळे कारण आणि सोबत यांची गल्लत होते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत साडेसतरा हजार लोकांना सरासरी तीन वर्षं पॅन्टोप्राझोल किंवा नुसती खोटी गोळी दिली. फरक ठळक दिसला तो आतड्यांच्या संसर्गातच: १.४ टक्के विरुद्ध १ टक्का. आम्ल जंतू मारतं, ते कमी झालं की गाड्यावरचं पाणी बाधतं, इतकं सरळ.

दोन-तीन वर्षांपेक्षा जास्त घेत असाल तर बी-१२ तपासून घ्या, विशेषतः शाकाहारी असाल किंवा मधुमेहाची मेटफॉर्मिन चालू असेल. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेत असाल तर रक्तातलं मॅग्नेशियमही तपासा. वर्षातून एकदा क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाची रक्ततपासणी.

औषधांची भांडणंही सांगून टाकते. हृदयात स्टेंट असून क्लोपिडोग्रेल चालू असेल तर ओमेप्राझोल आणि इसोमेप्राझोल टाळतात, पॅन्टोप्राझोल देतात. थायरॉईडची गोळीही उपाशीपोटीच, म्हणून लोक गोंधळतात. उठल्यावर आधी थायरॉईडची, अर्ध्या तासाने ही, मग आणखी अर्ध्या तासाने नाश्ता. पण अंतर ठेवूनही आम्ल कमी असल्याने थायरॉईडची गोळी कमी शोषली जाऊ शकते, म्हणून सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) बघायचं. लोहाची गोळीही अशीच कमी शोषली जाऊ शकते. गर्भवतींनी आणि लहान मुलांसाठी यातलं काहीही काउंटरवरून स्वतः नेऊ नये.

गोळीला जे जमत नाही ते

गोळी आम्लाची धार घालवते, वर येणारं पाणी अडवत नाही. म्हणून जळजळ थांबते, पण वाकल्यावर घशाशी येणं चालूच राहतं. त्याला गोळी वाढवून उपयोग नाही, उतार बदलायला हवा.

रात्रीचं जेवण आणि झोप यांत तीन तास. आमच्याकडे दहाला जेवून साडेदहाला आडवं व्हायची पद्धत, तीच आधी मोडा. वजन जास्त असेल तर पाच-सहा किलोनेही फरक पडतो. उर्राकाच्या, म्हणजे काजूच्या दारूच्या दिवसांत, मार्च ते मे, माझा अँटासिडचा खप वाढतो, यापेक्षा जास्त काही सांगायला नको. सोलकढी पित्तावर उतारा म्हणून पितात. काहींना बरं वाटतं, पण आमसूल आंबट आहे, काहींना त्यानेच पेटतं. मसालेदार शाकुतीच्या रश्शाचंही तसंच. सगळं एकदम सोडू नका, एकेक पदार्थ आठवडाभर बंद करून दिनदर्शिकेवर फुल्या मोजा. झोपताना डाव्या कुशीवर, म्हणजे जठर अन्ननलिकेच्या तोंडाखाली राहतं.

आणि पलंगाची डोक्याकडची बाजू १५ ते २० सेंटिमीटर उचला. जास्त उशा नकोत, त्यांनी कंबरेत घडी पडते आणि पोट दाबलं जातं. मी अंगणात उरलेल्या चिऱ्याचे दोन सारखे तुकडे करून घेतले, मध्ये पाय बसेल एवढी खोबण कोरून. यजमान दोन रात्री कुरकुरले, पायथ्याकडे घसरायला होतं म्हणून. गुळगुळीत चादर काढून जाड सुती घातली तेव्हा ते थांबलं. फरशीवर चिरा सरकू नये म्हणून खाली स्कूटरच्या जुन्या ट्यूबचा तुकडा कापून घातलाय.